कसब्यातला सर्व्हर

कसबा पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रिपोर्ट टाईप करायला लागले तेव्हा चाळिशी ओलांडली होती, आणि मी पूर्वी सर्व्हर सांभाळायचे हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. मीच सांगितलं नव्हतं. अकोल्याला शिकून मी पुण्यात आले होते आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत सात वर्षं काम केलं होतं. मग धाकटी मुलगी झाली. ती वेळेआधी झाली, तिचं सगळंच नाजूक होतं, म्हणून नोकरी सोडली. ती धडपणे शाळेत जायला लागेपर्यंत नऊ वर्षं निघून गेली. परत अर्ज करायला लागले तेव्हा समोर मुलाखतीला बसलेली मुलं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होती. मधल्या काळात काय केलंत, असं ती अगदी अदबीने विचारायची. तिसऱ्या मुलाखतीनंतर मी तो नादच सोडला. लॅबच्या अर्जात फक्त पदवी लिहिली आणि मराठी-इंग्रजी टायपिंग.

लॅब एका डॉक्टरबाईंची होती. बाई सत्तरीच्या, बोलणं मोजकं, आणि जे बोलायच्या त्याला धार असायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका रिपोर्टबद्दल विचारलं तेव्हा माझ्या तोंडून आमच्या अकोल्याकडचं निघून गेलं, "मी टाईप करून राहिले." चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, "राहा, हवं तितकं राहा. पण बारापर्यंत करा." त्यानंतर मी बरेच दिवस त्यांच्यासमोर वाक्य जुळवून मगच बोलायचे.

आमच्याशिवाय तिथे एक चाचा होते. पेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं त्यांचं घर, लॅबमध्ये बाईंच्या बरोबरीने पस्तीस वर्षं. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि काचेवर ठेवायचे, हे त्यांचं काम. ती काच बाई मायक्रोस्कोपखाली बघायच्या, सांगायच्या, आणि मी टाईप करून ईमेलने पाठवायचे.

एका सकाळी मी एक रिपोर्ट चुकीच्या माणसाला पाठवला. दोन बायकांचं नाव आणि आडनाव एकच होतं. पत्त्याची पहिली तीन अक्षरं टाईप केल्यावर कॉम्प्युटरने पुढचा पत्ता स्वतःच भरला आणि मी न बघता बटण दाबलं. रिपोर्टमध्ये कॅन्सर होता. तो गेला त्या घरातल्या बाईची साधी गाठ काढलेली होती, काळजीचं काही कारण नव्हतं.

तिची मुलगी दुपारी लॅबचा जिना चढून आली. आई खाली रिक्षात बसली आहे, तिला अजून काही सांगितलेलं नाही, असं म्हणाली. तिच्या हातातला कागद पाहिला आणि काय झालंय ते मला कळलं. मी उभी राहिले आणि सरळ सांगितलं की हा रिपोर्ट तुमच्या आईचा नाही, माझ्याकडून चूक झाली, तुमच्या आईचा रिपोर्ट चांगला आहे. ती बाकावर बसली आणि रडली. मी पाणी दिलं. मला वाटलं आता ती ओरडेल, आणि तिने ओरडावं असंच मला वाटत होतं. पण तिने डोळे पुसले, कागद माझ्याकडे परत दिला आणि हळूच विचारलं, "मग हा ज्यांचा आहे, त्यांना कळलंय का?"

त्या वाक्याने माझी बरीच झोप घालवली. ज्यांचा होता त्या बाईंना त्याच संध्याकाळी त्यांच्या डॉक्टरांनी समोर बसवून नीट सांगितलं. पण एका परक्या घराने ते त्यांच्याआधी वाचलं होतं, आणि ते आता पुसता येणार नव्हतं.

डॉक्टरबाईंनी मला काढून टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एवढंच जाहीर केलं की यापुढे ईमेलने एकही रिपोर्ट जाणार नाही. आमच्याकडे तीन हॉस्पिटलांतून तपासण्या यायच्या; त्यातलं वाघोलीचं मोठं हॉस्पिटल आम्हाला बरेच महिने सांगतच होतं की त्यांना रिपोर्ट सुरक्षित सर्व्हरवरूनच हवेत. आमच्या लॅबमध्ये एक सर्व्हर असावा, त्यावर त्यांच्या नावाचं फोल्डर असावं, आम्ही रिपोर्ट त्यात ठेवावा आणि त्यांचा कॉम्प्युटर येऊन तो घेऊन जावा. वाटेत कुणाला वाचता येऊ नये. बाईंनी एका फर्मच्या माणसाला बोलावलं.

तो आला, बाईंच्या केबिनमध्ये बसला आणि भराभर बोलला. मी दाराजवळच्या टेबलावर टाईप करत होते. तो म्हणाला की एक साधं एफटीपी, म्हणजे फाईल पाठवायची जुनी सोय, टाकून देतो, तिन्ही हॉस्पिटलांना मिळून एकच पासवर्ड ठेवू, लक्षात ठेवायला सोपं. मी गप्प बसायला हवं होतं. माझं काम ते नव्हतं. पण तोंडातून निघालंच की त्यात पासवर्डही वाटेत उघडाच जातो आणि रिपोर्टही, आणि सगळ्यांना एकच पासवर्ड दिला तर कोण आलं, कोण काय घेऊन गेलं हे कळणार कसं? दोघांनीही माझ्याकडे वळून पाहिलं. तो माणूस हसून काहीतरी म्हणाला, चहा घेतला आणि गेला.

बाईंनी मला आत बोलावलं आणि हे कुठे शिकलात म्हणून विचारलं. मी हिंजवडीचं सांगितलं, नऊ वर्षांचंही सांगितलं.

"अर्जात का नाही लिहिलंत?"

"लाज वाटली," मी म्हणाले.

त्या म्हणाल्या की मुलं लहान असताना त्यांनीही चार वर्षं मायक्रोस्कोपला हात लावला नव्हता, पण म्हणून डोळे गेले नव्हते. "हे काम तुम्ही करणार का?"

मी म्हणाले, जमेल की नाही सांगता येत नाही.

"जमेल का, ते मी विचारलेलं नाही."

सामानाच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर पडून होता. तो पुसला, पंखा बदलून घेतला आणि त्यावर सगळं नव्याने घालायला सुरुवात केली. सकाळी रिपोर्ट, जेवणानंतर सर्व्हर. खालच्या गल्लीत तांबटांची ठोकठोक दिवसभर चालू असायची, ती ऐकत मी बसायचे. पुष्कळसं बदललेलं होतं. काही आज्ञा मला आठवत नव्हत्या, पण हात कीबोर्डवर ठेवला की बोटांना आठवायच्या. एकदा तर मी मोठ्याने हसले, तेव्हा चाचा आतून डोकावून गेले.

प्रत्येक हॉस्पिटलचं वेगळं खातं केलं. पासवर्ड बंद केला आणि त्याऐवजी किल्ल्यांची जोडी ठेवली: एक भाग हॉस्पिटलने स्वतःच्या कॉम्प्युटरवर जपायचा, दुसरा आम्हाला द्यायचा, दोन्ही जुळले तरच दार उघडणार. कोण कधी आलं आणि कोणती फाईल नेली, याची नोंद आपोआप राहील अशी सोय केली. आता सर्वांत महत्त्वाचं राहिलं होतं. प्रत्येक हॉस्पिटलला त्याच्या फोल्डरमध्येच अडकवायचं, म्हणजे त्याला आपल्या फोल्डरच्या बाहेरचं काही दिसताच कामा नये.

तिथे माझी गाडी अडली. त्यासाठी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक ओळ लिहायची असते; ती ओळ घातली की हॉस्पिटलची जोडणी लागायची आणि त्याच क्षणी तुटायची. ओळ काढली की सगळं सुरळीत. तीन दिवस मी तेच करत बसले. वाघोलीहून रोज निरोप यायचा की सर्व्हर कधी सुरू होतोय. तिसऱ्या संध्याकाळी मी ती ओळ काढून टाकली आणि सर्व्हर सुरू झाल्याचं तिन्ही हॉस्पिटलांना कळवलं. नंतर बघू, असं मनाशी म्हटलं. मी ते विसरले असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. मला सगळे शाबासकी देत होते आणि मला ती हवी होती.

सात-आठ दिवस रिपोर्ट छान जात राहिले. मग एका सकाळी वाघोलीच्या हॉस्पिटलातून फोन आला. त्यांच्या कॉम्प्युटर विभागातले एक गृहस्थ. तोवर आमचं फक्त लिहून बोलणं झालं होतं. आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"ताई, एकट्या हाय का? जरा बोलायचं होतं."

मी खिडकी लावून घेतली.

ते म्हणाले की आज सहज एक पायरी वर जाऊन बघितलं, तर दुसऱ्या दोन हॉस्पिटलांची फोल्डरं दिसली. "मी उघडली नाहीत. पण दिसतायत म्हणजे उघडतील बी."

माझ्या एका रिपोर्टपायी ईमेल बंद झालं होतं, आणि आता दोन हॉस्पिटलांचे सगळे रिपोर्ट तिसऱ्यासमोर मांडून ठेवले होते.

ते सावकाश बोलले. "आमच्या साहेबांना मला सांगावंच लागंल, ताई. ते लपवता येणार नाही. पण मी पाच वाजता सांगतो. त्याच्या आधी तुम्ही तुमच्या डॉक्टरांना सांगा. त्यांना ते दुसऱ्याकडनं कळायला नको."

फोन ठेवल्यावर मी आधी सर्व्हर बंद केला. मग नोंदी काढून एकेक ओळ वाचली. कुठल्याही हॉस्पिटलने दुसऱ्याची एकही फाईल उघडलेली नव्हती. एवढं पक्कं झाल्यावर मी केबिनमध्ये गेले. बाई मायक्रोस्कोपवर वाकल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: ती ओळ मी काढली होती, जाणूनबुजून काढली होती, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी भिंगावरून डोळा हलवला नाही. बंद केलात का, असं विचारलं. हो म्हटलं. कुणी काही उघडलं का? नाही म्हटलं, आणि नोंदींचा कागद पुढे केला. तो त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्याला बराच वेळ लागला. मग मला बसायला सांगून फोन जवळ ओढला.

तिन्ही हॉस्पिटलांना त्यांनी स्वतः फोन केले, माझ्यासमोर. तिन्ही वेळा तेच वाक्य. "आमच्याकडून चूक झाली आहे, ती अशी आहे, आणि दुरुस्त होईपर्यंत रिपोर्ट बंद पाकिटातून माणसाहाती येतील." आमच्याकडून. माझं नाव एकदाही घेतलं नाही, टाईप करणारी बाई असंही म्हणाल्या नाहीत. एका हॉस्पिटलने त्याच फोनवर सांगून टाकलं की आता तपासण्या दुसरीकडे पाठवू. ते पुढे कधीच परत आले नाहीत. बाईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "आता ती ओळ का चालत नव्हती ते शोधा. घाई करू नका. घाईचं काय होतं ते पाहिलंत."

मी जिन्यात जाऊन पाच मिनिटं बसले. मग परत वर आले.

कारण दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं, आणि ते पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर लिहिलेलं होतं. मी तीन दिवस समोरच्या बाजूला उमटणारा संदेश वाचत होते, जो फक्त जोडणी तुटली एवढंच सांगतो. खरं कारण सर्व्हर स्वतःच्या नोंदींत प्रत्येक वेळी लिहीत होता, ते मी उघडूनच बघितलं नव्हतं. ज्या फोल्डरमध्ये एखाद्याला अडकवायचं, ते फोल्डर सर्व्हर चालवणाऱ्याच्याच मालकीचं असावं लागतं आणि बाकी कुणालाही त्यात लिहायची परवानगी नसावी लागते. मी प्रत्येक हॉस्पिटललाच त्याच्या फोल्डरचं मालक करून ठेवलं होतं. ज्याला आत ठेवायचं त्याच्याच हाती खोली दिलेली, म्हणून सर्व्हर कुणाला आत घेतच नव्हता. मालकी बदलली, आत रिपोर्टसाठी दुसरं फोल्डर केलं, ती ओळ परत घातली. जोडणी लागली आणि टिकली.

मी आनंदाने चाचांना सांगायला गेले. ते सुरीला धार आहे का ते बघत होते. त्यांनी विचारलं, तपासलंस कसं? मी म्हणाले, आत गेले, माझी फाईल दिसली, उघडली.

"म्हणजे दार उघडतं का, ते बघितलंस," चाचा म्हणाले. "बंद राहतं का, ते कधी बघणार, बेटा?"

मग त्यांनी त्यांची पद्धत सांगितली. पस्तीस वर्षांत त्यांनी एकट्याने कधीही काचेवर नंबर टाकलेला नव्हता. एकाने मेणावरचा नंबर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने काचेवरचा डोळ्यांनी बघायचा. वाचणाऱ्याने काचेकडे बघायचं नाही. कारण आपल्याला जे दिसायला हवं असतं तेच आपल्याला दिसतं, असं ते म्हणाले.

रविवारी लॅबला सुट्टी असते, तरी चाचा जेवण करून माझ्यासाठी आले. मी एका कागदावर करायला नको असलेल्या सगळ्या गोष्टी लिहून काढल्या होत्या. ते तो कागद घेऊन वाचत गेले आणि मी टाईप करत गेले. वाघोलीच्या खात्यातून दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये जा. नाही म्हणतोय. एक पायरी वर जा. वर काही नाहीच म्हणतोय. फाईल पुसून बघ. नाही. किल्लीशिवाय पासवर्डने ये. नाही. दुसऱ्या हॉस्पिटलच्या किल्लीने ये. नाही. प्रत्येक 'नाही'ला चाचा खूण करायचे, आणि हळूहळू त्यांना त्याची मजा यायला लागली. कागद संपल्यावर त्यांनी मनानेच चार युक्त्या काढल्या आणि त्याही मला करायला लावल्या. मग दुसऱ्या खात्यातून पुन्हा सगळं. दोन तास लागले. इतके नकार ऐकून इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी मी वाघोलीला फोन लावला. पाच वाजता साहेबांना सांगितल्यावर काय झालं, हे विचारायचं धाडस मला आठवडाभर झालं नव्हतं. त्या गृहस्थांनी आपणहून सांगितलं की तुमच्या डॉक्टरांचा फोन आधीच येऊन गेला होता, त्यामुळे साहेब फार काही बोलले नाहीत. आता एकच गोष्ट राहिली होती. जुनं चुकीचं काही मागे राहू नये म्हणून रविवारच्या आधी मी सर्व्हर पुन्हा नव्याने घातला होता, त्यामुळे त्याची ओळख बदलली होती. अशा सर्व्हरचा अक्षरांचा एक लांबलचक ठसा असतो, आणि आपण बोलतोय तो खरंच कसब्यातला सर्व्हर आहे की मधेच कुणी तोतया बसलाय, हे तो ठसा जुळवूनच कळतं. पुष्कळ लोक न बघता 'हो' म्हणून मोकळे होतात. ते गृहस्थ तसे नव्हते. वाचा ताई, म्हणाले, मी इकडं बघतो.

त्रेचाळीस अक्षरं, त्यात मोठी-लहान वेगळी. मी वाचायला सुरुवात केली, पण बी आणि डी, पी आणि टी फोनवर सारखेच ऐकू येत होते.

"गावं लावा, ताई," ते म्हणाले.

मग आमचा महाराष्ट्र दौरा सुरू झाला. बी बारामतीचा, लहान. डी दौंडचा, मोठा. के कसब्यातला, मोठा. डब्ल्यू वाघोलीचा, तिकडून त्यांनी हसून दुजोरा दिला. ए आला तेव्हा मी अकोला म्हटलं, आणि अकोल्याच्या हाय का तुम्ही, असं त्यांनी मधेच विचारून घेतलं. झेडला दोघेही अडलो. मला एकही गाव आठवेना.

"झेडपीचा," ते म्हणाले.

शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा बाई माझ्या पाठीमागे उभ्या होत्या. किती वेळ, माहीत नाही. "भूगोल झाला असेल तर रिपोर्ट पाठवा," एवढं म्हणून त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माझ्या टेबलावरचं टायपिंगचं निम्मं काम नव्याने ठेवलेल्या एका बाईंना देणार असल्याचं सांगितलं, आणि सर्व्हरची जबाबदारी लेखी माझ्या नावावर केली.

त्याला आता काही वर्षं झाली. बाई आठवड्यातून दोनदाच येतात, चाचांनी काम सोडलं पण सणाला शीरखुर्मा पाठवतात. सर्व्हर दोनदा बदलला. दर वेळी मी नकारांचा कागद काढते आणि दुसऱ्या कुणाला तरी वाचायला बसवते.

वाघोलीच्या त्या गृहस्थांना मी एकदाच प्रत्यक्ष भेटले. नगर रोडच्या गर्दीतून बसने पोचायला दीड तास लागला. मला वाटलं होतं कुणी तिशीतला इंजिनिअर असेल. निघाले पन्नाशीचे, कानशिलं पिकलेली. वॉर्डबॉय म्हणून लागले होते, हॉस्पिटलात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो झाकून ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं, तिथून एकेक शिकत गेले. मी सोबत चिवडा नेला होता. मी त्यांना म्हणाले की त्या दिवशी तुम्ही मला पाच वाजेपर्यंत वेळ दिला नसता तर मी आज या कामात नसते. ते संकोचले. फोन करायच्या आधी आपण अर्धा तास नुसते बसून होतो, असं म्हणाले. सांगावं तर एका बाईची नोकरी जाईल, न सांगावं तर लोकांचे रिपोर्ट उघडे राहतील. मग दोन्ही वाचतील असं काहीतरी करावं म्हणून ती पाचची वेळ ठरवली.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात एक नर्स दारात आली आणि अमुक खाटेच्या आजींचा रिपोर्ट कसब्यातून आला का, म्हणून विचारलं. त्यांनी स्क्रीनवर बघितलं, आलाय म्हणाले, आणि तिच्या वॉर्डात पाठवून दिला. ती बरं म्हणून वळली आणि झपाझप निघून गेली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ते गृहस्थ चहा सांगायला उठले.